झोपलेल्या रखवालदाराला थप्पड: कोट्याच्या ब्रिजराज भवनातले दोन मुक्काम

माझे वडील परळच्या एका गिरणीत गेटवर रखवालदार होते. महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. पहाटे तीन ते साडेचार ही वेळ सगळ्यात वाईट, असं ते सांगत. तोंडावर पाणी मारायचं, येरझाऱ्या घालायच्या, तपकीर ओढायची, तरी डोळा लागायचाच. आणि नेमका तेव्हाच साहेब फेरीवर आला तर दिवसाची हजेरी गेली.

त्यामुळे राजस्थानात कोट्याला एका जुन्या हॉटेलात गोऱ्या साहेबाचं भूत आहे, ते पाहुण्यांच्या वाटेला जात नाही, फक्त झोपलेल्या रखवालदाराला थप्पड मारतं, हे वाचल्यापासून मला तिथे जायचंच होतं. भुताटकीच्या हॉटेलांच्या गोष्टी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत बहुतेक वेळा पाहुणी घाबरते, आरसा हलतो, दार आपोआप लागतं. इथे भुताचं सगळं लक्ष गेटवरच्या माणसाकडे. गेल्या डिसेंबरात नवरा आणि मी जाऊन आलो.

बोरिवलीहून संध्याकाळी गोल्डन टेम्पल मेल पकडली. राजधानीने लवकर पोचता येतं, पण ती कोट्याला अपरात्री उतरवते आणि थंडीत त्या वेळी रिक्षावाल्याशी घासाघीस नको वाटते. मेल सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पोचते. डब्यात आमच्यासारखीच बरीच मराठी माणसं होती, पण ती भुतासाठी नव्हे, कोचिंगला ठेवलेल्या मुलांना भेटायला निघालेली. समोरच्या बाईंनी लेकीसाठी मेतकूट आणि डिंकाचे लाडू घेतले होते.

या गाडीचा आणखी एक फायदा म्हणजे रामगंज मंडी दिवसाउजेडी लागतं. आपल्या घरोघरी ओट्याला, जिन्याला, अंगणात असते ती कोटा फरशी इथल्याच खाणींतली. रुळांच्या बाजूला निळसर-करड्या लाद्यांचे ढीग रचलेले दिसतात. पुढे गाडी मुकुंदऱ्याच्या डोंगरात शिरते आणि दरा नावाचं छोटं स्टेशन जातं. खिडकीशी बसा. 1804 मध्ये कर्नल मॉन्सनची इंग्रजी फौज याच खिंडीतून यशवंतराव होळकरांपुढे पळत मागे हटली. पावसाळा, चिखल आणि पाठीवर होळकरांचं घोडदळ. मॉन्सन कोट्याला पोचला तेव्हा तिथला कारभारी झालिमसिंह झाला याने त्याला शहरात घेतलं नाही. शाळेत आम्हाला हे एका ओळीत उरकलं होतं. ती खिंड डोळ्यांनी पाहिल्यावर ती ओळ केवढी मोठी होती ते कळलं.

ब्रिजराज भवन चंबळच्या काठावर, उंचावर आहे. पांढरी इमारत, खांबांचा रुंद व्हरांडा, पुढे हिरवळ, त्यावर मोर. 1830 च्या दशकात ती इंग्रजांची रेसिडेन्सी, म्हणजे संस्थानातल्या त्यांच्या अधिकाऱ्याचं निवासस्थान, म्हणून उभी राहिली. पुढे ती कोट्याच्या राजघराण्याकडे आली, त्यांनी पाहुण्यांसाठी वापरली आणि स्वातंत्र्यानंतर तिचं हॉटेल झालं. 1911 मध्ये इंग्लंडची राणी मेरी कोट्याला आली होती, त्या काळचा थाट भिंतीवरच्या फोटोंत अजून दिसतो. खोल्या मोजक्या, छत उंच, फर्निचर जुनं. चकचकीत हॉटेलाची सवय असेल तर निराशा होईल. मला ते घर फार आवडलं. जेवणाच्या लांबलचक टेबलाशी बसलं की कुणा म्हाताऱ्या नातेवाइकाकडे उतरल्यासारखं वाटतं.

आता मूळ प्रकरण. मेजर चार्ल्स बर्टन हा हाडोतीचा, म्हणजे कोटा-बुंदी भागाचा, पोलिटिकल एजंट, संस्थानांवर नजर ठेवणारा इंग्रज अधिकारी. 1857 च्या उठावात तो नीमचला होता. ऑक्टोबरात तो कोट्याला परतला. बायको आणि बाकीची मुलं नीमचलाच ठेवली, पण दोन तरुण मुलगे बरोबर आणले. कोट्याचे राजे महाराव रामसिंह दुसरे यांना त्याने सल्ला दिला, तुमच्या फौजेतल्या काही माणसांना शिक्षा करा, कामावरून काढा. हे बोलणं बाहेर फुटलं. 15 ऑक्टोबर 1857 रोजी कोटा संस्थानच्याच पलटणी, नारायण पलटण आणि भवानी पलटण, रेसिडेन्सीवर चालून आल्या. पुढारी होते लाला जयदयाल आणि रिसालदार मेहराब खान.

नोकरचाकर पळाले. बर्टन आणि त्याची दोन मुलं वरच्या खोलीत जाऊन बसली. एक उंटवाला तेवढा त्यांच्यासोबत राहिला. खालून तोफा चालत होत्या. महारावांकडून मदत येईल या आशेवर त्यांनी जवळजवळ पाच तास काढले. मदत आली नाही. असं सांगतात की मुलांचा जीव वाचत असेल तर आपण शरण जावं असं बर्टनच्या मनात होतं. मग तिघांनी गुडघे टेकून प्रार्थना केली. शिड्या लावून शिपाई वर चढले आणि तिघंही मारले गेले. एजन्सीचा, म्हणजे एजंटाच्या कचेरीचा, डॉक्टरही त्या दिवशी मारला गेला. बर्टनचं शिर शहरातून मिरवलं.

मी संध्याकाळी व्हरांड्यात उभी राहून वर पाहत होते. खाली नदी संथ होती. पाच तास म्हणजे किती, याचा विचार करत होते. एका जागी उभं राहून अर्धा तासही निघत नाही.

त्यानंतर जवळपास सहा महिने कोटा शहर उठाववाल्यांच्या ताब्यात होतं आणि महाराव स्वतःच्या गढीत कोंडल्यासारखे होते. करौलीच्या राजाने त्यांना कुमक पाठवली. मार्च 1858 मध्ये इंग्रजांच्या जनरल रॉबर्ट्‌सच्या फौजेने शहर घेतलं. महारावांनी एजंटाला वाचवलं नाही म्हणून त्यांच्या मानाची तोफांची सलामी 17 वरून 13 वर आणली. जयदयाल आणि मेहराब खान यांना 1860 मध्ये याच एजन्सीच्या परिसरात फाशी दिलं.

भुताची कथा यातून निघाली आहे. पांढऱ्या केसांचा, हातात छडी घेतलेला म्हातारा साहेब रात्री फिरतो. रखवालदार पेंगला की इंग्रजीत आवाज येतो, झोपू नकोस, बिडी ओढू नकोस, आणि मग थप्पड. 1980 मध्ये कोट्याच्या माजी महाराणींनी ब्रिटिश पत्रकारांना सांगितलं होतं की त्यांनी हे भूत अनेकदा पाहिलं आहे. त्रास मात्र त्यांना कधी झाला नाही.

पहिल्या रात्री साधारण दीड वाजता मी शाल गुंडाळून बाहेर आले. गेटजवळ एक वयस्क रखवालदार खुर्चीत बसले होते, कानाला मफलर, पायाशी काठी. मी त्यांच्याशी आधी थंडीबद्दल बोलले, मग माझ्या वडिलांबद्दल. भुताचं नाव मी काढलं नाही, त्यांनीच काढलं.

"साहब मेहमानों को कुछ नहीं करते, मॅडमजी. हमारी ड्यूटी देखते हैं."

त्यांना स्वतःला कधी थप्पड बसली नव्हती. त्यांच्या आधीच्या माणसाला बसली होती, असं त्यांनी त्याच्या तोंडून ऐकलं होतं. "लगती नहीं है, बस नींद उड़ जाती है." नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात जुना माणूस त्याला हे सांगतो. म्हणजे ही गोष्ट रखवालदारांनीच रखवालदारांना सांगत इथवर आणली आहे.

माझे वडीलही असंच सांगायचे. बसल्या बसल्या डोळा लागला की मान एकदम खाली पडते, अंगाला झटका बसतो आणि माणूस दचकून जागा होतो. कुणीतरी ढकललं अशी खात्रीच वाटते. त्यांच्या गिरणीत म्हणे जळीत झालेल्या एका खात्याजवळ कुणीतरी मागून टपली मारायचं. मी लहानपणी ते खरं मानलं होतं. आता मला वाटतं की थकलेल्या शरीराने स्वतःलाच दिलेला तो धक्का आहे, आणि ज्याला रात्रभर कुणाच्या तरी मालमत्तेसाठी जागायचं असतं तो त्या धक्क्याला साहेबाचा चेहरा देतो. परळला तो फेरीवरचा साहेब होता. इथे तो मेजर बर्टन आहे. नोकरमाणसांनी सोडून दिलं त्या दिवशी तो मेला आणि आता दीडशेहून अधिक वर्षं तो नोकरमाणसांची हजेरी घेतोय. ही गोष्ट कुणीतरी फार विचारपूर्वक रचावी इतकी नेमकी आहे, आणि तरी ती कुणीच रचलेली नाही.

मला एका गोष्टीने मात्र झोप लागू दिली नाही. आपल्याकडे भूत कुणाचं होतं? ज्याची इच्छा राहिली त्याचं, जो अवेळी गेला त्याचं. मग फासावर गेलेल्या जयदयालचं आणि मेहराब खानचं भूत या परिसरात का नाही? मी त्या काकांना विचारलं. ते बराच वेळ काठीने मातीत रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "वो तो अपने आदमी थे. अपने आदमी से क्या डरना."

दुसऱ्या दिवशी आम्ही नयापुऱ्यातलं जुनं ब्रिटिश कबरस्तान पाहिलं. बर्टन आणि त्याच्या मुलांना कोट्याच्या इंग्रजी दफनभूमीत पुरलं गेलं. हॉटेलच्या मधल्या दालनाखालीच ते पुरले आहेत असंही लोक सांगतात, ते ऐकून सोडून द्या. तिथून गढीत गेलो. हत्तीपोळातून आत शिरलं की राव माधोसिंह संग्रहालय आहे. भिंतीवरची कोटा शैलीची चित्रं, विशेषतः शिकारीची, बघायला किमान दोन तास ठेवा. आम्ही एकच तास ठेवला होता, ही चूक झाली. 1857-58 मध्ये महाराव याच भिंतींआड अडकले होते, ते डोक्यात ठेवून वरच्या गच्चीवरून नदीकडे पाहा.

मराठी माणसाने आणखी एक नाव लक्षात ठेवून जावं. अठराव्या शतकात मराठ्यांचे वकील, म्हणजे दरबारातले प्रतिनिधी, म्हणून लालाजी बल्लाळ गुळगुळे कोट्यात राहत होते. हाडोतीतल्या खंडणीचा हिशेब त्यांच्या हातात. त्या घराण्याची कागदपत्रं गुळगुळे दफ्तर म्हणून अभ्यासकांना माहीत आहेत. कोटा म्हणजे फक्त कोचिंग आणि फरशी एवढंच नव्हे, आपला एक जुना पत्ता तिथे आहे.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, मे महिन्यात तिथलं ऊन सोसत नाही. खोल्या थोड्या असल्यामुळे फोन करून आधी नक्की करा, आयत्या वेळी जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. नदीकडची खोली मागा. मुक्काम करायचा नसेल तर व्हरांडा पाहायला आणि जेवायला येऊ का, हे आधी विचारा. ते घर आहे, प्रदर्शन नाही. रात्री मोबाइल घेऊन भूत शोधत फिरू नका. आमच्या वेळी दोन तरुण मुलं टॉर्च मारत फिरत होती, त्यामुळे दुसऱ्या पाहुण्यांची झोपमोड झाली आणि बोलणी रखवालदाराने खाल्ली. गोष्ट ऐकायची असेल तर जेवण झाल्यावर शांतपणे बसा, ती आपोआप निघते. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगा की हे भूत पाहुण्यांना हात लावत नाही. त्याने खरंच फरक पडतो.

हाताशी एक दिवस जास्त असेल तर बुंदी करा, चाळीसेक किलोमीटरवर आहे. तिथली राणीजी की बावडी आणि महालातली चित्रं सोडू नका. साडीची आवड असेल तर कैथूनला जा. कोटा डोरिया तिथल्या घराघरांत मागावर विणतात. उजेडासमोर धरून पाहा, चौकड्या एकसारख्या, बारीक दिसल्या पाहिजेत. चंबळमध्ये बोटीतून जाता येतं, मगरी दिसतात. आम्हाला एक सुसरही दिसली, लांब चोच वाळूवर टेकून पडलेली. कचोरी उडदाच्या डाळीची आणि हिंगाची असते, सकाळी गरम खा. बांधून आणलेली मुंबईपर्यंत टिकते, पण तेवढी चविष्ट लागत नाही.

सकाळी मी वडिलांना फोन केला होता. त्यांना थप्पडची गोष्ट सांगितली, काका काय म्हणाले तेही सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "त्यांना रात्री चहा कोण देतं?"

मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या रात्री स्वयंपाकघर बंद व्हायच्या आत थर्मास भरून घेतला, आल्याचा, साखर जास्त. पावणेतीनला गेटवर गेले. काका उभे राहायला लागले, मी बसा म्हटलं. दोन कप ओतले. धुक्यात नदी दिसत नव्हती, फक्त पाण्याचा आवाज येत होता. साडेचारपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो होतो.