एक मृत्युलेख आणि न गाळलेले वाक्य

१६ फेब्रुवारी २०१५ हा सोमवार होता. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र असल्याने डेस्कवर माणसे मोजकीच होती. सांगलीतील एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी तेव्हा उपसंपादक म्हणून काम करीत होतो. सकाळीच कोल्हापूरहून फोन आला की ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर, ते फिरून घरी परतत असताना, गोळ्या झाडण्यात आल्या आहेत. मुख्य उपसंपादकांनी पहिल्या पानाची आखणी नव्याने केली, आणि टोलविरोधी आंदोलनातील पानसरे यांची जुनी छायाचित्रे शोधण्याचे काम माझ्याकडे दिले.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मुंबईहून दुसरी बातमी आली. तोंडाच्या कर्करोगाशी झुंजणारे राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे लीलावती रुग्णालयात निधन झाले होते. वय अवघे सत्तावन्न. बातमी अनपेक्षित नव्हती, कारण प्रकृती चिंताजनक असल्याचे काही दिवसांपासून येतच होते. तरीही डेस्कवर कोणी काही बोलेना. आमच्यातले निम्मे लोक तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज या तालुक्यांतले. त्यांच्या तोंडी ‘आबा’ हे नाव घरातल्या माणसासारखे रुळलेले होते.

मोठ्या नेत्याची प्रकृती ढासळली की जीवनपट तयार ठेवायचा, ही आमच्या धंद्याची रीत. इथे मात्र माणूस जिवंत असताना त्याचा मृत्युलेख लिहायला कोणी धजावले नव्हते. संगणकावर एक जुनी फाईल होती, पण ती २००४ च्या निवडणुकीपाशी थांबत होती. शिवाय ती जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये असल्याने उघडताच अर्धी जोडाक्षरे फुटलेली दिसत होती. ती दुरुस्त करून पुढची दहा वर्षे जोडण्याचे काम माझ्याकडे आले, आणि पान सोडायला मोजकेच तास हाती होते.

जोडाक्षरे दुरुस्त करता करता सगळा प्रवास डोळ्यांखालून गेला. १६ ऑगस्ट १९५७ रोजी अंजनी या तासगाव तालुक्यातील गावात जन्म, ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिक्षण, कायद्याची पदवी आणि १९७९ मध्ये सावळज गटातून जिल्हा परिषदेवर निवड. तिथे ते १९९० पर्यंत होते. या अकरा वर्षांना मी सर्वांत लांब परिच्छेद दिला, कारण पुढच्या मंत्र्याची घडण तिथलीच आहे असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. वसंतदादा पाटील आणि राजारामबापू पाटील या सहकारातील दिग्गजांच्या जिल्ह्यात साखर कारखाना किंवा शिक्षणसंस्थेचे जाळे हाताशी नसताना राजकारणात टिकायचे, तर गावोगावचे रस्ते, पाणी आणि शाळांच्या खोल्या हेच भांडवल असते, आणि ते जिल्हा परिषदेतच उभे राहते. १९९० मध्ये ते आमदार झाले आणि त्यानंतर एकही विधानसभा निवडणूक हरले नाहीत.

१९९९ मध्ये त्यांच्याकडे ग्रामविकास खाते आले. मंत्रालयाच्या हिशेबात हे काही वजनदार खाते नव्हे. गृह, अर्थ, महसूल मिळवण्यासाठी जशी ओढाताण होते तशी या खात्यासाठी सहसा होत नाही. पण तिथूनच २०००–०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले. त्याची रचना साधी आणि हुशारीची होती: आधी अनुदान नाही, आधी काम, मग तपासणी समिती येऊन गुण देणार आणि पंचायत समितीपासून जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी बक्षिसे जाहीर होणार. तपासणीच्या आदल्या दिवशी शिक्षक, तलाठी आणि सरपंच एकाच गटारावर खराटा घेऊन उभे असल्याची छायाचित्रे आमच्या कपाटात ढिगाने होती. त्यातली बरीचशी देखाव्याचीही असणार, हे वार्ताहरांना ठाऊक होते. तरीही गाव स्वच्छ असणे ही चढाओढीची आणि मानाची गोष्ट व्हावी, हे त्याआधी कोणत्याही शासन निर्णयाला जमलेले नव्हते. त्यातील एक छायाचित्र मी जीवनपटासाठी निवडले. त्यात मंत्री कडेला उभे आहेत आणि मध्यभागी नव्याने बांधलेली शौचालयांची रांग आहे. पानावर ते शोभत नाही म्हणून एका सहकाऱ्याने नाक मुरडले, पण ते छापले गेले.

पुढची वर्षे लिहिणे कठीण होते. डिसेंबर २००३ मध्ये गृहखाते, २००४ मध्ये त्याच्या जोडीला उपमुख्यमंत्रिपद. २००५ मध्ये डान्स बारवर बंदी, जी उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमान्य केली. २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम, म्हणजे ग्रामविकासातील युक्ती पोलीस ठाण्याच्या दारात नेण्याचा प्रयत्न. मग २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला, त्यानंतर पत्रकारांसमोर तोंडून गेलेले एक वाक्य आणि १ डिसेंबरचा राजीनामा. ते वाक्य उद्धृत करावे की नाही, यावर थोडा वाद झाला. ज्याने आयुष्यभर सभा गाजवल्या त्याला एका वाक्याने पद सोडावे लागले, एवढे सांगणे पुरेसे आहे असे माझे मत पडले, आणि ते मान्य झाले. २००९ मध्ये ते पुन्हा गृहमंत्री झाले. स्वतःहून मागून घेतलेले नक्षलग्रस्त गडचिरोलीचे पालकमंत्रिपदही याच काळातले.

खरा पेच मात्र २०१३ पाशी आला. २० ऑगस्टला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. त्यांच्या कार्यकाळात मारेकरी सापडले नाहीत, आणि पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला. मी लिहिले: ‘त्यांच्या गृहमंत्रिपदाच्या काळात झालेल्या दाभोलकर हत्येचा छडा लागू शकला नाही.’ एरवी मृत्युलेखातील हे एक साधे वाक्य ठरले असते. पण त्याच पानावर, उजव्या तीन कॉलमांत, पानसरे यांच्यावरील गोळीबाराची बातमी लागणार होती, आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की त्या वाक्याचे वजन आपोआप वाढत होते.

तासगावचा वार्ताहर फोनवर भडकलाच. “अहो साहेब, अंजनीत आज चूल पेटलेली नाही, आणि तुम्ही हे आजच छापणार? उद्या मी गावात तोंड कसं दाखवू?” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, त्याला सकाळी अंत्यसंस्काराच्या वार्तांकनासाठी त्याच गर्दीत उभे राहायचे होते. मुख्य उपसंपादकांनी दोन्ही मजकूर छापून घेतले, टेबलावर शेजारी-शेजारी मांडले आणि चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ वाचले. मग म्हणाले, “आबांना आपण मोठा माणूस म्हणतोय ना? मग मोठ्या माणसाचा हिशेब पुरा मांडायला हवा. राहू द्या.” फक्त ‘छडा लागू शकला नाही’च्या जागी त्यांनी ‘तपास अपुरा राहिला’ असे केले. पहिला शब्दप्रयोग अधिक थेट होता असे मला वाटले, पण वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी अंजनीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. कार्यालयात फोन आले ते दोन्ही बाजूंचे: कोणाला ते वाक्य मृताचा अपमान वाटले, तर कोणाला ते फारच मवाळ. शुक्रवारी, २० फेब्रुवारीला, पानसरे यांचेही निधन झाले आणि डेस्कवर पुन्हा जीवनपटाची धावपळ सुरू झाली.

एप्रिलमध्ये तासगाव–कवठेमहांकाळची पोटनिवडणूक लागली तेव्हा पुरवणीसाठी आबांचा जीवनपट पुन्हा काढण्यात आला. या वेळी दाभोलकरांबद्दलच्या वाक्याला कोणी हात लावला नाही. जागा कमी पडली म्हणून जिल्हा परिषदेच्या अकरा वर्षांचा परिच्छेद मात्र कापला गेला, आणि मी सुट्टीवर असल्याने त्यासाठी भांडायलाही कोणी नव्हते.