ऑरलँडोत आई-वडिलांसोबत: स्कूटर कुठे, व्हीलचेअर कुठे

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला आई-वडिलांना हौसेने नेलं जातं. पण सोसायटीच्या बागेत रोज फेऱ्या मारणारे गुडघेही इथे दुपारपर्यंत बोलायला लागतात. तिथल्या एपकॉट पार्कमध्ये तळ्याभोवती असलेल्या 11 देशांच्या दालनांची नुसती फेरीच जवळपास 2 किलोमीटरची आहे, आणि रांगेतलं उभं राहणं वेगळंच. चाकं घ्यायची ती लाज न बाळगता, पहिल्या दिवसापासून. आम्ही सांगू ते इतकंच: अंतर कापायला स्कूटर (म्हणजे बसून चालवायची, बॅटरीवरची छोटी गाडी), राइडपर्यंत पोचायला व्हीलचेअर. दोन्हींचं काम एक नव्हे.

मॅजिक किंगडम या पार्कला मोटार लावतो ती तळ्याच्या अलीकडे. तिथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने पार्कच्या दारात जायचं. पार्कची भाड्याची स्कूटर त्या दाराशी मिळते. तिचं आरक्षण होत नाही, आधी येईल त्याला मिळते, आणि निघताना तिथेच परत करावी लागते. म्हणजे पार्किंगपासूनचा पल्ला पायीच पडतो. म्हणून तीन-चार दिवस राहणार असाल तर बाहेरच्या दुकानातून हॉटेलवर स्कूटर मागवणंच आम्हाला पटतं. हाताने ढकलायची व्हीलचेअर असेल तर बोट घ्या. मोनोरेलच्या फलाटाचा चढ ढकलणाऱ्याचा दम काढतो.

स्कूटर पहिल्यांदा चालवणारा चुकतो ती जागा ठरलेली आहे. हँडलवर उजवी पट्टी दाबली की पुढे, डावी दाबली की मागे. ब्रेक दाबायचा नसतो. पट्टी सोडली की गाडी आपोआप थांबते. आपल्याला मात्र सायकलची सवय, त्यामुळे घाबरलं की मूठ आवळली जाते, मुठीबरोबर पट्टी दाबली जाते आणि स्कूटर थांबायच्या ऐवजी समोरच्याच्या टाचेवर जाते. हॉटेलच्या अंगणात पंधरा मिनिटं फक्त ‘बोटं उघड’ एवढाच सराव करून घ्या. गर्दीत वेगाचं बटण कासवाच्या चित्रावर ठेवा. मागच्या चाकांजवळ मोटर सुटी करणारी एक दांडी असते. ती सुटी राहिली तर ब्रेक लागत नाही आणि उतारावर स्कूटर घरंगळते. बसण्याआधी ती पाहायचीच. तीन चाकांची स्कूटर थोड्या जागेत वळते, पण तिरक्या उतारावर वेगात वळवली तर कलंडते.

मॅजिक किंगडममधल्या मेन स्ट्रीटवर घोड्यांच्या ट्रामचे रूळ आहेत. ते काटकोनात ओलांडा. तिरके गेलात तर व्हीलचेअरची पुढची लहान चाकं खाचेत अडकतात आणि बसलेलं माणूस पुढे झुकतं.

व्हीलचेअर असली की रांग चुकते, हा समज घरीच सोडून या. बहुतेक राइड्सना रांग तीच, फक्त रस्ता रुंद. खरा प्रश्न वेगळा आहे: उठून दहा पावलं टाकता येतात का? ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मध्ये खुर्चीसकट चढता येईल अशी बोट आहे, अ‍ॅनिमल किंगडम या पार्कच्या सफारीतही खुर्चीत बसून जाता येतं, दोन्हीकडे स्कूटर मात्र बाहेर ठेवून तिथल्या व्हीलचेअरवर बसावं लागतं. याउलट ‘पीटर पॅन्स फ्लाइट’ला सरकत्या पट्ट्यावरून चालत जाऊन बसावं लागतं. उठता येत नसेल त्यांनी तिथे रांगच लावू नये. प्रत्येक राइडची अट पार्कच्या नकाशावर खुणेने दिलेली असते. ती सकाळी बघा, दारात पोचल्यावर नको.

बसमध्ये चढताना रॅम्पवर सरळ आणि हळू जा. आत वळवायला जमत नसेल तर चालकाला सांगा.

बॅटरी रात्रभर चार्ज करावी लागते. इथे एक भलतीच गोष्ट घात करते: हॉटेलच्या खोलीतले काही सॉकेट भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाला जोडलेले असतात. दिवा मालवला की चार्जिंग बंद, आणि सकाळी बॅटरीचा काटा होता तिथेच. झोपण्याआधी दिवा मालवून चार्जरचा दिवा पेटलेला आहे ना, बघा. चढावर काटा लाल पट्ट्यात उतरून सपाटीवर वर आला तर भिऊ नका. सपाटीवरही खालीच राहिला तर परत फिरा.

भारतातून घडीची स्कूटर नेणार असाल तर लिथियम बॅटरी निघणारी आणि 300 वॉट-अवरच्या आतली हवी. बॅटरी काढून सोबत केबिनमध्ये न्यायची, आणि विमान कंपनीला आधी कळवायचं. चार्जरवर 100-240 व्होल्ट लिहिलेलं हवं, कारण तिकडे वीज 120 व्होल्टची आहे.

उन्हाळ्यात दुपारी हमखास सर येते. हँडलच्या डोक्यावर घालायला जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि सीटसाठी पंचा ठेवा. उन्हात उभी राहिलेली काळी सीट चटका देते. किल्ली काढून घ्या. हँडलला भडक रंगाची ओढणी किंवा रिबीन बांधा, कारण राइडमधून बाहेर येईपर्यंत कर्मचाऱ्यांनी गाड्या हलवलेल्या असतात आणि सारख्या दिसणाऱ्या वीस स्कूटरी ओळीत उभ्या असतात.