जनरल रजिस्टर उघडून बसले

रविवार, रात्री

शाळेच्या देणगीसाठी कोणाकोणाकडे जायचं, ती यादी अखेर कागदावर उतरू लागली. परवाच्या सभेत सगळ्यांच्या तोंडी ठरलेली नावं होती: आमदार, मुंबईतला एखादा बिल्डर, कुठलीतरी कंपनी. त्यांच्याकडेही जावंच लागेल. पण मुलींची स्वच्छतागृहं आणि प्रयोगशाळेचं छप्पर त्यांच्या भरवशावर सोडायला माझं मन घेत नाही. २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ वादळानं कौलं उडवली, तेव्हा घाईघाईनं पत्रे चढवले. खाऱ्या वाऱ्यात पत्रा कितीसा टिकणार? प्रयोगशाळेत आता मुलं बादल्या सरकवत तास करतात.

म्हणून कपाटातली जुनी जनरल रजिस्टरं काढली. या शाळेत पाऊल टाकलेलं प्रत्येक पोर त्यात आहे. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात पानामागून पान एकच: मुंबईस गेल्यामुळे. एका ओळीपुढे कोणीतरी निळ्या शाईत नुसतं ‘मिल’ लिहिलंय. तशी कितीतरी मुलं गिरणगावात गावकऱ्यांच्या सामाईक खोलीवर राहिली, १९८२ च्या संपानं उघड्यावर आली आणि पुढे विरार, दिवा, बदलापूर अशी पांगली. गावाच्या मुंबईतल्या मंडळाच्या वहीत मात्र अजून लालबाग-परळचेच पत्ते आहेत. पत्रं परत येतात आणि गावात बोललं जातं, चाकरमान्यांना शाळेचं काही पडलेलं नाही. अहो, त्यांना पत्र पोचलंच नाही!

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मुलींच्या नावांवर. रजिस्टरात त्या माहेरच्या नावानं आहेत. लग्नानंतर आडनाव बदललं, गाव बदललं, काहींचं तर नावही बदललं. मंडळाची यादी सगळी पुरुषांची. ज्या स्वच्छतागृहांसाठी आपण पैसे मागतोय, त्यांच्या अभावाची झळ ज्यांनी सोसली त्यांनाच कोणी विचारत नाही.

संध्याकाळी हर्णै बंदरावर गेले. नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुरू झाल्यात, लिलावाला गर्दी होती. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे मासळी घेते. सुरमईवर बर्फ पसरता पसरताच तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “बाई, वर्गणीला येतात ते आमच्या धन्यांना भेटून जातात. मला आजवर कोणी विचारलंच नाही.” मग हळू आवाजात सांगितलं, की नववीत पाळीच्या दिवसांत ती शाळेत येतच नसे. गणित तेव्हा सुटलं ते सुटलंच. मी तिला शिकवत होते, गैरहजेरी मांडत होते, आणि हे आज कळतंय.

कमरेचा बटवा सोडून तिनं पाचशेच्या दोन नोटा दिल्या. नोटांना खवलं चिकटली होती. पण त्याहून मोलाचं म्हणजे तिनं वर्गातल्या मैत्रिणींचे नंबर दिले. एक दाभोळला, एक वसईला, एक चिपळूणच्या दवाखान्यात नर्स. “गौरीला माहेरी येतील बघा. तेव्हा गाठा.”

गौरीला गाठायचं, पण तेव्हा पैसे मागायचे नाहीत, असं मी ठरवलंय. गणपतीत चाकरमानी खिसा रिकामा करूनच परततो. तेव्हा फक्त शाळा दाखवायची आणि फोन नंबर लिहून घ्यायचा. मागणं दिवाळीच्या बोनसनंतर. आंबा बागायतदारांकडे फेब्रुवारीत जाण्यात अर्थ नाही, तेव्हा फवारणीचा खर्च डोक्यावर असतो. पेट्यांचे पैसे हातात आले की मेअखेर जायचं. मच्छीमारांकडे त्याच्या उलट, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत अजिबात नाही.

सीएंशीही बोलून घेतलं. आयकरातल्या ८०जी च्या सवलतीसाठी दोन हजारांवरची देणगी रोख चालत नाही, ती चेकनं किंवा बँकेतून यायला हवी. आखातातली आपली मुलं भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असतील, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. तिथे राहणाऱ्यांची नावं आजवर भीतीपोटी वगळली जात होती, ती मी यादीत परत घेतली. कंपनीच्या सीएसआरसाठी, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीसाठी, संस्थेची वेगळी नोंदणी लागते. ते काम कार्यवाहांकडे.

इथून जवळच दापोलीचं मुरुड. महर्षी अण्णा कर्व्यांनी गावासाठी ‘मुरुड फंड’ काढला तो मुरुडकरांच्याच जिवावर. पुढे महिला विद्यापीठाला उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींचे पंधरा लाख मिळाले ते १९२० साली. त्याआधी कितीतरी वर्षं कर्वे लहान लहान देणग्यांसाठी दारोदार फिरले होते. सभेत मोठ्या नावांचा आग्रह झाला की मी हेच सांगणार आहे.

अध्यक्षांना पाच हजारांवरच्या देणगीदारांचा संगमरवरी फलक हवाय. मला तो नको. लावायचाच तर सगळ्यांची नावं, रक्कम न लिहिता, दाखल झाल्याच्या सालानुसार. आणि बायकांची नावं माहेरची नि सासरची, दोन्ही. पावतीही त्यांच्याच नावे फाडायची. हर्णैची पावती उद्या पहिल्या तासाआधी लिहिते, बाकी वाद पुढच्या सभेत.