मंजिऱ्या ठेवल्या

आश्विन, रविवार

सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसले ती पाऊण तास उठलेच नाही. ग्रिलमधल्या तुळशीवर फुलोरी मधमाश्या आल्या होत्या. इवल्याशा, पोटाचा पुढचा भाग तांबूस, मागे काळे-पांढरे पट्टे. मंजिरीच्या बुडापासून शेंड्याकडे चढायचं, मग उडून पुढची मंजिरी. खाली रिक्षांचा गोंगाट चालू होता, तरी त्यांची गुणगुण मला ऐकू येत होती.

आमच्या घरी तुळशीवर मंजिरी टिकत नाही. सासूबाई रोज खुडतात. "भार झाला की तुळस वाळते," म्हणतात, आणि ते खरंच आहे. बी धरू लागलं की झाडाचा जोर तिकडे जातो, पानं बारीक होतात, खोड लाकडासारखं होतं. पण फूलच नसेल तर माशी येईल कशाला? म्हणून वैशाखात त्यांच्याच तुळशीची एक फांदी पाण्यात ठेवली, मुळं फुटल्यावर वेगळ्या कुंडीत लावली. वृंदावनातली त्यांची, ही माझी. मातीत रेती आणि विटांचा चुरा भरपूर घातला. मुलुंडच्या पावसात कुंडीत पाणी साचलं की मूळ कुजतं. मागची तुळस मी तशीच घालवली, अजून वाईट वाटतं.

तुळस पुदिन्याच्याच कुळातली. कोवळी काडी चिमटीत फिरवली की चार कडा लागतात. फूल मात्र भिंगातून बघण्यासारखं. या कुळातल्या पुष्कळ फुलांत पुंकेसर वरच्या ओठाखाली असतात आणि पराग माशीच्या पाठीला लागतात. तुळशीचे खालच्या ओठावर टेकलेले, त्यामुळे ते पोटाला लागतात. आज एका माशीचं पोट खरंच पिवळसर दिसलं आणि मला केवढा आनंद झाला!

दुपारी निळ्या पट्ट्यांची माशी आली. ती एकटीच राहते, पोळं बांधत नाही, जमिनीत बीळ करते. या सिमेंटच्या सोसायटीत तिला उघडी माती कुठे सापडली असेल, याचा विचार दिवसभर डोक्यात होता. कुंपणालगतची ती पट्टी असेल का? तिथेही फरशी बसवायचं चाललंय. उद्या सेक्रेटरींशी बोलायचं आहे.

आणि आत्ता, दिवेलागणीला, सासूबाईंनी हाक मारली, "अगं, इकडे ये, हे काय चिकटलंय?" माझ्या कुंडीतल्या वाळलेल्या मंजिरीच्या काडीला निळ्या पट्ट्यांच्या तीन माश्या जबड्याने चावा घेऊन लोंबकळत होत्या. ते नर. बिळात जात नाहीत, काडी धरून रात्रभर असेच झोपतात. मी हळू आवाजात सांगितलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग उदबत्ती वृंदावनाच्या पलीकडच्या बाजूला लावली, धूर इकडे येऊ नये म्हणून.