पणजीचं नाव शोधताना: नमुना 14, मोडी आणि नकलेचा तो अर्ज

आमच्या घरात पणजोबांचं नाव सगळ्यांना पाठ आहे, त्यांच्या वडिलांचंही, पण पणजीचं नाव विचारलं की सगळे गप्प. आजोबा तान्हे असताना ती मानमोडीच्या तापात गेली आणि आजोबांना मावशीने वाढवलं, एवढंच माहीत. मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा, जूनमध्ये मुंबईत आला आणि दसरा दिवाळीच्या सुमारास खेड्यापाड्यात त्याने माणसं नेली, देशभरात एक कोटीच्या वर माणसं गेली असं मानतात. त्यातली एक माझी पणजी, आणि तिचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही हे मला फार लागलं, म्हणून शोधायला घेतलं.

गाव साताऱ्याकडचं. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये असतात, लोक कोतवाल बुकही म्हणतात, आणि ती रजिस्टरं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात, हे लगेच कळलं. आजोबांचा जन्म 1917 चा, तो शाळेच्या जनरल रजिस्टरवरून मिळाला, मुख्याध्यापकांनी चहा पाजून काढून दिला. इथवर काही त्रास नाही.

त्रास नकलेच्या अर्जाचा. तालुक्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. अर्जात रकाने काय, तर मयताचं नाव, मृत्यूची तारीख, नोंद क्रमांक. अहो, मी नाव शोधायलाच आलेय ना! खिडकीवरच्यांना सांगितलं तर म्हणाले "मॅडम नावच नाही तर आम्ही काय शोधणार?" मी म्हटलं गाव सांगते, वर्ष सांगते, नवऱ्याचं नाव सांगते, मृत्यूची पानं बघा, अशी किती असणार. तसं लिहून अर्ज दिला, कोर्ट फी स्टॅम्प लावला, आणि बऱ्याच हेलपाट्यांनंतर एक ओळ हातात आली, "सदर नोंद अभिलेखात आढळून येत नाही". कुणी बघितलं, कुठलं रजिस्टर बघितलं, 1918 चं रजिस्टर मुळात आहे का, याचं उत्तर कुणीच देईना. एकजण म्हणाले पानं जीर्ण झालीत, दुसरे म्हणाले स्कॅनिंगला गेलंय, तिसऱ्यांनी विचारलं जातीच्या दाखल्यासाठी पाहिजे का, त्याची रांग तिकडे. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायचं काम चालू झाल्यापासून रेकॉर्ड रूमला गर्दी आहे हे मला मान्य आहे, त्या लोकांचंही काम महत्त्वाचंच, पण दाखला सोडून दुसऱ्या कशासाठी कुणी जुनं रजिस्टर मागू शकतं हे तिथे पटतच नव्हतं. घराण्याचा इतिहास असं कारण लिहिलं तर परत पत्र, "प्रयोजन स्पष्ट करावे". यापेक्षा स्पष्ट काय करू? माझी पणजी आहे ती! अजून आठवलं की चिडचिड होते, कारण यात गुंतागुंतीचं काहीच नव्हतं, कपाट उघडून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडून बघायचं एवढंच काम होतं.

मला यातून सोडवलं ते मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, वाचणाऱ्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपने. कराडकडचे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना सगळे काकाच म्हणतात, ते म्हणाले ताई तुम्ही नक्कल मागूच नका, पाहणी मागा. माहिती अधिकार कायदा 2005, त्याच्या कलम 2 मध्येच अभिलेखांची पाहणी करणं, टिपणं काढणं, प्रमाणित प्रती घेणं हे सगळं येतं, आणि कलम 6 प्रमाणे अर्जदाराला कारण विचारता येत नाही. म्हणजे ते प्रयोजन वगैरे प्रकरणच संपलं. अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. आणि अर्जात माणसाचं नाव लिहायचं नाही, रजिस्टरचं लिहायचं: मौजे अमुक, गाव नमुना 14, मृत्यू नोंदी, सन 1918 व 1919, पाहणीसाठी उपलब्ध करून द्यावे. नाव लिहिलं की "आढळत नाही" म्हणून मोकळे होतात, रजिस्टर लिहिलं की आहे किंवा नाही हे सांगावंच लागतं.

दुसरी मदत याहून मोठी. ग्रुपमधल्या एक ताई स्वतःच्या आजोळचं शोधत होत्या आणि त्यांना सवय अशी की गठ्ठा सोडला की त्यात दिसलेल्या सगळ्या गावांची नावं वहीत लिहून ठेवायची. मी गावाचं नाव टाकल्याबरोबर त्यांचा मेसेज, "हे तर मी पाहिलंय, पण शेजारच्या तालुक्यात". आमचं गाव पूर्वी त्या तालुक्यात होतं आणि जुने गठ्ठे तिकडेच राहिले होते! पहिल्या ऑफिसात इतके दिवस हे एका वाक्यात कुणी सांगितलं नाही. (आपला अर्ज दुसऱ्या ऑफिसचा निघाला तर पाच दिवसांत तिकडे वर्ग करायचा हेही त्याच कलम 6 मध्ये आहे, पण वाट बघू नका, थेट तिथेच टाका.)

त्या ऑफिसात मात्र रीतसर टेबल दिलं, पंखा लावून दिला. भिंग, पेन्सिल, कोरे कागद घेऊन जा, फोटो काढू देतीलच असं नाही. सगळं मोडीत. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग अक्षरं लोंबकळवत लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, त्यामुळे नाव कुठे संपलं आणि बापाचं कुठे सुरू झालं तेच कळत नाही. "बिन" दिसलं की पुढे बापाचं नाव, "कोम" दिसलं की नवऱ्याचं, एवढे दोन शब्द डोळ्यात बसवून जा, निम्मं काम होतं. इतर वर्षी एका पानात कितीतरी महिने मावलेत, 1918 चा ऑक्टोबर मात्र पानामागून पान. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप.

आणि तिथे, भागू कोम तुका, पुढे आमचं आडनाव, वय 22, ताप. तुका म्हणजे माझे पणजोबा. त्याच पानावर आमच्या भावकीतली आणखी तीन माणसं, सगळी एका आठवड्यातली. मी तिथेच रडले, लाज वाटली नाही.

काकांनी पेढे वाटायच्या आधी थांबवलं पण. म्हणाले गावात त्या आडनावाचे तुका दोन असले तर? आणि खरंच दोन निघाले. मग फेरफार बघितले, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, नमुना 6. दुसऱ्या तुकाच्या वारस नोंदीत 1931 साली त्याची बायको हयात आणि मुलं तिचीच, म्हणजे 1918 मध्ये गेलेली त्याची नव्हे. शिवाय आमच्या तुकाच्या वडिलांचं नाव राणू, ते आजोबांच्या जन्मनोंदीतही जुळलं. तेव्हा कुठे काका म्हणाले, आता लिहा वंशावळीत. लिहिलं, शाईने लिहिलं, आणि तिच्या नावाचा रकाना कोरा नाही याचा मला खूप अभिमान आहे.

हो, एक राहिलंच, मोडी लिप्यंतर पैसे घेऊन करून देणारे पुष्कळ आहेत, पण आधी नोंद स्वतः शोधा आणि तेवढीच पानं वाचायला द्या, पूर्ण रजिस्टर दिलंत तर बिल कुठल्या कुठे जाईल. आणि 1818 च्या मागे जायचं असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, तिथे सनं अरबी शब्दांत लिहिलेली येतात, सीत सलासीन मया व अलफ म्हणजे 1136, त्यात 599 मिळवा की 1735 येतं, वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुमारापासून धरायचं.

आता भागूचं माहेर शोधतेय. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेला आलेल्यांची घराणी लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्यांत गावावरून आणि आडनावावरून घराणं सापडतं, पणजोबा तिकडे गेले असतील तर त्यांनी काय लिहवलं ते बघायचंय. साताऱ्याकडचे 1910 ते 1920 चे गठ्ठे कुणी बघत असाल तर त्या ताईंसारखी गावांची नावं वहीत टिपून ठेवा आणि मला कळवा, माझी यादी मीही देते.