ईस्टबोर्नची बीची हेड मॅरेथॉन : खडूच्या कड्यांवरून, जंगलातून ४२ किलोमीटर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ईस्टबोर्न हे समुद्रकाठचं निवांत गाव. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनातून रेल्वेने साधारण दीड तासात तिथे पोचता येतं. दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस एका शनिवारी इथे बीची हेड या उंच सागरी कड्याच्या नावाची मॅरेथॉन होते. शर्यत चार दशकांहून जुनी आहे आणि पूर्वी ती सेव्हन सिस्टर्स मॅरेथॉन या नावाने ओळखली जायची. डांबरी रस्ता वाट्याला फारच थोडा येतो. बाकी सगळं गवताळ माथे, मेंढ्यांची कुरणं, दगडी भिंतींची खेडी, एक मोठं जंगल आणि शेवटचे दहा-अकरा किलोमीटर थेट समुद्राच्या कड्यावरून. चढांची बेरीज हजार मीटरच्या पुढे जाते. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी ही शर्यत धावले. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी धावपटूंनी ती एकदा तरी धावावी, आणि भारतातून कुणी यायचं ठरवत असेल तर त्यांना नीट माहिती मिळावी, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी वेळेबद्दल, कारण तिथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. सपाट रस्त्यावर तुम्हाला मॅरेथॉनला जेवढा वेळ लागतो, त्यात किमान एक तास वाढवून धरा. उतारांची सवय नसेल तर दीड. चढ चालतच चढायचे, हे घरून ठरवून निघा. इथे पुढचे लोकही मोठे चढ चालत चढतात, त्यात कमीपणा काहीच नाही. पूर्ण अंतर चालणारेही बरेच असतात आणि त्यांना पुरेल एवढा वेळ आयोजक देतात. खरी मेख अशी, की या मार्गावरचे सगळ्यात जीवघेणे चढ-उतार शेवटच्या टप्प्यात येतात. तिथे पायांत किती जीव उरला आहे, यावर तुमचा दिवस कसा गेला ते ठरतं.

शर्यत ड्यूक्स ड्राइव्हवरून सुटते. गावाच्या पश्चिम टोकाला रस्ता संपतो आणि समोर एकदम टेकडी उभी राहते. स्टेशनापासून चालत पाऊण तासाच्या आत पोचता येतं. शिट्टी झाली की पहिलं पाऊलच चढावर. गवताचा उभा उतार, त्यावर शेकडो माणसं दाटीने चढत असलेली, आणि दोन मिनिटांत सगळ्यांच्या श्वासांचा आवाज ऐकू येऊ लागतो. इथे पुढे घुसायची धडपड करू नका. वरची पायवाट अरुंद आहे, रांग लागतेच, आणि त्या रांगेमुळे आपोआप शक्ती वाचते. माथ्यावर पोचलात की एकदा मागे वळून बघा. सगळं ईस्टबोर्न आणि त्याचा जुना धक्का पायाखाली दिसतो.

पुढचे काही किलोमीटर साउथ डाउन्स वेवरून जातात. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत साधारण १६० किलोमीटरची ही पदयात्रेची वाट आहे. जाताना आपण पश्चिमेला धावतो, आणि इथला वारा बहुतेक नैऋत्येचा. म्हणजे जाताना तो तोंडावर येतो आणि परतताना पाठीशी असतो. आमच्या दिवशीही तसंच होतं. पहिल्या तासात वाऱ्याशी झगडत बसू नका. एखाद्या उंच माणसाच्या मागे राहा. पातळ वारारोधक जाकीट आणि हातमोजे हवेतच. ऑक्टोबरअखेर इथे दहा-बारा अंश तापमान असतं, पण उघड्या माथ्यावर वारा सुटला की बोटं बधिर होतात आणि खाऊची पिशवीसुद्धा फोडता येत नाही.

जेव्हिंग्टन हे पहिलं खेडं. बनॉफी पाय नावाचा केळ्या-टॉफीचा गोड पदार्थ १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्याच एका खानावळीत जन्माला आला. त्यानंतर विंडओव्हर हिलचा लांबलचक चढ लागतो. या टेकडीच्या उत्तर अंगावर 'लाँग मॅन ऑफ विल्मिंग्टन' ही सुमारे ७० मीटर उंचीची मानवाकृती कोरलेली आहे. पण आपण तिच्या डोक्यावरून जातो, त्यामुळे धावताना ती दिसत नाही. बघायची असेल तर दुसऱ्या दिवशी विल्मिंग्टन गावात जा. माथ्यावरून मात्र उत्तरेकडची सगळी सखल शेती दूरवर पसरलेली दिसते.

तिथून उतार थेट आल्फ्रिस्टनला. हे खेडं मला फार आवडलं. गारगोटीच्या भिंती, वाकलेली लाकडी घरं, नदीकाठच्या हिरवळीवर मोठं चर्च. त्या चर्चशेजारचं क्लर्जी हाउस, म्हणजे धर्मगुरूंचं घर, नॅशनल ट्रस्टने १८९६ मध्ये १० पौंडांना विकत घेतलं. जुन्या वास्तू जपणाऱ्या या संस्थेची ती पहिली इमारत. गल्लीत लोक दाराशी उभे राहून टाळ्या वाजवत होते, छातीवर लावलेल्या नंबराच्या कागदावरचं (बिब) नाव वाचून हाका मारत होते. माझं नाव वाचताना एक आजोबा अडखळले, तर त्यांच्या शेजारच्या मुलीने ते अगदी बरोबर उच्चारलं. एवढ्यानेही पुढचा चढ सोपा वाटला.

आल्फ्रिस्टन सोडल्यावर पुन्हा माथ्यावर, बो पीपपर्यंत. साधारण अर्धं अंतर इथे होतं. मग मार्ग वळसा घालून कुकमिअर नदीच्या खोऱ्यात लिटलिंग्टनला उतरतो. हा भाग मोकळा आणि धावायला सोपा आहे. इथेच पाय आपोआप वेगात पडतात. आवरा. उतारावर लांब ढांगा टाकू नका, पावलं आखूड ठेवा, शरीर किंचित पुढे झुकू द्या. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, त्यामुळे त्यांची झीज चढापेक्षा कितीतरी जास्त होते. ती लगेच जाणवत नाही, तासा-दीड तासाने जाणवते.

आणि मग फ्रिस्टनचं जंगल. वाऱ्यातून आत शिरलं की एकदम शांत वाटतं. हे रान मुळात माणसांनी लावलेलं. १९२६ पासून इथे लागवड सुरू झाली. बीच नावाची झाडं सगळ्यात जास्त. ऑक्टोबरअखेर त्यांची पानं तांबूस-सोनेरी झालेली असतात आणि वाटेवर त्यांचा जाड थर असतो. दिसायला सुंदर, पण त्या पानांखाली मुळं लपलेली असतात, म्हणून नजर पायाशी ठेवा. जंगलात पायऱ्या आहेत, मातीच्या आणि लाकडाच्या, उंची एकसारखी नसलेल्या. वेस्टडीनच्या पायऱ्या सगळ्यात दमवणाऱ्या. माझ्या पुढचे दोघं गुडघ्यांवर हात टेकवून एकेक पायरी चढत होते. मीही तसंच केलं आणि तेच योग्य आहे. घाई केली तर पोटरीत गोळे येतात.

या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला कमरेएवढी गारगोटीची भिंत आहे. ती ओलांडली की झाडं संपतात आणि समोर कुकमिअरचं सगळं खोरं उघडतं. हिरव्या कुरणात नदीची वळणंच वळणं, आणि पलीकडे समुद्र. या वळणांतून आता मुख्य प्रवाह जात नाही. १८४६ मध्ये सरळ कालवा खणून पाणी वळवलं गेलं, त्यामुळे ती आरशासारखी स्थिर असतात. सगळ्या मार्गावर कुठे थांबायचं असेल तर इथे थांबा. मिनिटभर थांबल्याने काही बिघडत नाही. मी थांबले, आणि माझ्याबरोबर अनोळखी सहा-सात जण थांबले. कुणी फोटो काढला नाही, सगळे नुसते बघत होते.

एक्सीट या छोट्या वस्तीपाशी मोठा रस्ता ओलांडायचा. तिथे स्वयंसेवक गाड्या थोपवून धरतात. या बाजूच्या चेकपॉइंटवर खायची रेलचेल असते. या शर्यतीची ख्यातीच तशी आहे: मार्स बार, बिस्किटं, फळं, चहा, गरम सूप आणि सॉसेज रोल. थंडीत सूपचा कागदी पेला हातात धरला की आधी बोटांना जीव येतो, मग पोटाला. शाकाहारी असाल तर सॉसेज रोल बाद, आणि सूप कशाचं आहे ते विचारूनच घ्या. मी राजगिऱ्याच्या वड्या, खजूर आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे बरोबर ठेवले होते. बटाट्याने फार आधार दिला. चार-पाच तासांनंतर धावपटूंचं गोड एनर्जी जेल नकोसं होतं, तेव्हा खारट काहीतरी हवं.

आता सेव्हन सिस्टर्स. नावाप्रमाणे सात पांढरे कडे, प्रत्येकाचा माथा वेगळा आणि दोन माथ्यांमध्ये खोलगट दरी. पहिला हेवन ब्राउ सगळ्यात उंच, जवळपास ७७ मीटर. उंची ऐकून कुणाला काही वाटणार नाही, पण पायांत ३० किलोमीटर घालून हे चढ-उतार लागोपाठ करायचे आहेत. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावलेल्यांनी लक्षात घ्यावं, की यवतेश्वर घाटात एकदा चढ लागला की तो लयीत चढता येतो आणि मग एकसंध उतार मिळतो. इथे लय सापडेपर्यंत चढ संपलेला असतो. मी एक पद्धत ठरवली होती: वर चालायचं, माथ्यावर वीस पावलं चालत श्वास आणायचा, मग आखूड पावलांनी उतरायचं. ती शेवटपर्यंत टिकली.

खडू ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो आणि बुटांच्या तळाला त्याची पांढरी चिकट लापशी बसते. त्यात गारगोटीचे धारदार तुकडे. रस्त्यावरचे गुळगुळीत बूट इथे घालू नका. खोल खाचांचे ट्रेल शूज घ्या आणि ते आधी निदान दोन लांब पल्ल्याच्या सरावांत वापरून बघा.

आणि कड्याची कड. हा खडू कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा गाळ आहे. तो इतका ठिसूळ, की समुद्र त्याला दरवर्षी पोखरत मागे ढकलतो. सेव्हन सिस्टर्स संपतात तिथल्या बर्लिंग गॅपला एकेकाळी कड्यालगत असलेली काही घरं याच कारणाने पाडावी लागली. कड वरून भक्कम दिसते, पण खालून पोकळ असू शकते. फोटोसाठी कडेवर जाणारी माणसं मी पाहिली आणि मनापासून सांगते, जाऊ नका. वाटेवरूनही सगळं दिसतं.

बघायला येणाऱ्यांसाठी बर्लिंग गॅप ही सर्वांत चांगली जागा. तिथे नॅशनल ट्रस्टचं कॅफे आहे, स्वच्छतागृहं आहेत, आणि धावणारे शेवटच्या माथ्यावरून उतरताना लांबून दिसतात. माझी मावशी तिथे शाल गुंडाळून उभी होती, हातात लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली. मी टेकायला जागा शोधू लागले तशी म्हणाली, "बसू नकोस गं, पाय धरतील. उभ्याउभ्या पी आणि नीघ." पुढे तीच खरी ठरली, तिथे बसलेले दोघं-तिघं उठताना किती विव्हळत होते! घरच्यांना इथेच बोलवा, आणि त्यांना गरम कपडे घालायला सांगा. त्यांचीच थंडीत जास्त परीक्षा असते.

बर्लिंग गॅपनंतर बेल टूट दीपगृहाचा चढ. १८३०च्या दशकातलं हे दगडी दीपगृह कडा खचत आल्यामुळे १९९९ मध्ये अख्खंच्या अख्खं १७ मीटर आत सरकवलं गेलं. मग थोडा उतार आणि शेवटी बीची हेडचा चढ. १६२ मीटर, ब्रिटनमधला सगळ्यात उंच खडूचा सागरी कडा. खाली समुद्रात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं १९०२ सालचं दीपगृह खेळण्याएवढं दिसतं. इथे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. त्यानंतर ज्या उभ्या चढावरून सकाळी निघालो, त्याच उतारावरून खाली. शेवटची रेष समोर दिसते, लोक ओरडत असतात, आणि तरीही सावकाश उतरा. गवत ओलं असतं आणि मांड्या तोवर ऐकेनाशा झालेल्या असतात.

तयारीचं थोडक्यात: आठवड्यातून एकदा जिने किंवा टेकडी, आणि उतरणं हाही सरावच समजा. पुण्यात असाल तर सिंहगड चढून पायीच उतरा, साताऱ्यात अजिंक्यतारा आहेच, मुंबईत उंच इमारतीचा जिना चालेल, फक्त खाली येताना लिफ्ट घेऊ नका. इंग्लंडच्या आग्नेय भागात राहणाऱ्यांनी एखादा रविवार काढून एक्सीट ते ईस्टबोर्न हा शेवटचा टप्पा आधी चालून यावा. ब्रायटन आणि ईस्टबोर्नच्या दरम्यान धावणारी १२ नंबरची बस एक्सीटला थांबते.

नोंदणी कित्येक महिने आधी उघडते आणि जागा भरतात, तेव्हा इंग्लंडच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू नका. मुक्काम शुक्रवार-शनिवार असा दोन रात्रींचा धरा. बहुतेक वर्षी शनिवारी रात्रीच घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे झोप एक तास जास्त मिळते. खोली तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या हॉटेलात घ्या; समुद्रासमोरच्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे आहेत, आणि रविवारी सकाळी सामान घेऊन ते उतरणं कुणालाच जमत नाही.