हिवाळ्याच्या धावेसाठी कारवान तयार करताना

इंदुरात अनंत चतुर्दशीच्या झाक्या निघून गेल्या की कारवान किंवा मुधोळ, म्हणजे नजरेने सावज हेरून पळणारे शिकारी जातीचे कुत्रे, पाळणाऱ्यांनी कामाला लागावं. नोव्हेंबरअखेर कुत्रा पूर्ण वेगात धावायला हवा असेल तर दहा आठवडे लागतात. आठ आठवड्यांत होतं असं म्हणणारे भेटतात, पण मला ते पटत नाही. पावसाळाभर गल्लीपुरता फिरलेला कुत्रा तीन आठवडे नीट चालवला की टवटवीत दिसतो, त्याला दम लागत नाही, तो पट्टा ओढायला लागतो. मालकाला वाटतं, झाला तयार. तिथेच घात होतो. दमसास लवकर वाढतो आणि त्याच्या मागोमाग स्नायू भरतात. हाडं, कंडरा आणि पंजाच्या गाद्या यांना मात्र बराच जास्त वेळ लागतो. चौथ्या आठवड्यात मोकळा सोडलेला कुत्रा दमत नाही, लंगडतो.

धाव म्हणजे इथे लूरमागची, म्हणजे दोरीने ओढल्या जाणाऱ्या खोट्या सावजामागची धाव, हे आधीच स्पष्ट करतो. माळव्यात शेताशेतात नीलगाई (इथे त्यांना रोज म्हणतात) आणि ससे आहेत, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जनावराचा पाठलाग आणि त्याचा प्रयत्नसुद्धा शिकारीतच मोडतो. ससा दिसेल अशा जागी कुत्रा सोडूच नये. एकदा नजर बसली की हाकेला ओ देणारा कारवान क्वचितच सापडतो.

सुरुवात रक्ततपासणीपासून करा. पावसाळ्यात गोचीड झालेले असतात आणि गोचीड-ताप अंगात मुरलेला असला तरी कुत्रा खातो-पितो. फक्त मेहनत करूनही तो सुधारत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेल्या थेंबाची तपासणी) महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे करून घ्या. ग्रेहाउंडमध्ये, म्हणजे याच बांध्याच्या शर्यतीच्या विलायती जातीत, लाल पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि प्लेटलेट कमी असणं नैसर्गिक आहे. म्हणून आपल्या कुत्र्याचाही निरोगी असतानाचा एक रिपोर्ट जपून ठेवा, पुढे तुलना त्याच्याशीच होते. रेबीजची आणि लेप्टोसह (लेप्टोस्पायरोसिस) बाकीची लस राहिली असेल तर आताच उरका आणि नंतर दोन-तीन दिवस मेहनत थांबवा. दीड वर्षाच्या आतल्या पिल्लाला हा कार्यक्रम लावू नका.

पहिले तीन आठवडे फक्त चालणं. पट्ट्यावर, डांबरी रस्त्यावर, रोज ३० मिनिटांपासून हळूहळू तासाभरापर्यंत. डांबराने गाद्या कडक होतात आणि नखं झिजतात. नखं लांब राहिली तर प्रत्येक पावलाला बोट मागे रेटलं जातं आणि पूर्ण वेगात त्याच बोटाचा सांधा निसटतो. आठवड्यातून एकदा कानस मारा.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सायकलबरोबर दुडकी चाल. वेग ताशी १० ते १२ किलोमीटर, अंतर २ किलोमीटरपासून ५ पर्यंत, आठवड्यातून चार दिवस, रस्त्याकडेच्या मुरमावर. कुत्रा उड्या घेत पळायला लागला तर वेग कमी करा. या टप्प्यात दुडकीच हवी, कारण तिच्यात डाव्या-उजव्या पायांवर भार सारखा पडतो आणि कुठला पाय चोरतोय ते लगेच दिसतं. खेळवायला चढ मिळाला तर उत्तम.

सातव्या आठवड्यापासून मोकळी धाव. सुरुवातीला २०० मीटरची एकच, सरळ रेषेत. मग आठवड्यातून दोनदा, दर खेपेला दोन, नंतर तीन धावा, मध्ये किमान दहा मिनिटं चालती विश्रांती. दोन धावांच्या दिवसांमध्ये तीन दिवसांचं अंतर ठेवा. वळणं नवव्या आठवड्यात आणा, आणि दोन्ही बाजूंची. ग्रेहाउंडच्या शर्यतीत घड्याळाच्या उलट्या दिशेनेच धावत राहिल्याने उजव्या मागच्या पायाच्या घोट्यातलं हाड मोडणं ही नेहमीची दुखापत आहे. शेवटचा आठवडा हलका: रोज अर्धा तास चालणं आणि एकच छोटी धाव. दिवाळीचे चार-पाच दिवस मात्र पट्टा अजिबात सोडू नका. फटाक्याला बिचकलेला कारवान दोन मिनिटांत दुसऱ्या वस्तीत असतो.

जमिनीबद्दल जरा सविस्तर, कारण माळव्यात खरी अडचण तीच आहे. सोयाबीन निघाल्यावर शेतं मोकळी दिसतात आणि मोह होतो. पण कापलेल्या सोयाबीनचे बुडखे टोकदार असतात, ते गाद्या आणि बोटांमधलं कातडं फाडतात. शिवाय काळी माती वाळली की भेगाळते. पंजा जाईल एवढी भेग पूर्ण वेगात लागली तर पाय मोडतो. गवताळ पडीकही ऑक्टोबर-नोव्हेंबरात धोक्याचं, कारण तेव्हा कुसळी गवत पिकतं. कुसळ बोटांच्या बेचक्यातून किंवा कानातून आत सरकतं आणि पुढे गळू होतं. गोखरू तर सगळीकडेच. आखूड, दाट गवताचं खेळाचं मैदान परवानगी काढून मिळवा, नाहीतर बारीक मुरमाची सपाट पट्टी. सोडण्याआधी पूर्ण मार्ग स्वतः चालून पाहा: काच, तार, खड्डे.

लूरची दोरी पातळ नायलॉनची नको, ती पायाला चाटून गेली तरी कापते. जाडसर गुंफलेली दोरी घ्या, टोकाला पांढऱ्या पिशवीच्या पट्ट्या. दोरी ज्यावरून फिरते ती पुली जमिनीलगत असू द्या आणि लूर कुत्र्यापुढे १० ते १५ मीटर ठेवा. लूर एकदम थांबवू नका, कुत्रा त्याच्यावर कोलांटी खातो. दोन कुत्रे एकदम सोडायचे तर दोघांना मुसकं.

खाणं: २४ किलोच्या कुत्र्याला घरी बसून सुमारे १२०० कॅलरी लागतात, धावेच्या आठवड्यांत १५०० च्या आसपास. रोजचा हिशोब असा: साडेतीनशे ग्रॅम बिनहाडाची, कातडीसकट कोंबडी शिजवून, १५० ग्रॅम ज्वारी किंवा बाजरीच्या पिठाच्या भाकऱ्या, दोन अंडी, एक चमचा तूप, आणि कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची बारीक पूड अर्धा चमचा. शिजवलेली हाडं नाहीत, कांदा नाही, मनुका-द्राक्षं नाहीत. दर रविवारी वजन करा. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसाव्यात, पण कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं पाहिजे. कणा बोचत असेल तर कुत्रा तयार नाही, उपाशी आहे.

धावेच्या आधी चार तास पोट रिकामं हवं, नाहीतर पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. सकाळी सातच्या आत उरका. आधी दहा-पंधरा मिनिटं चालणं आणि दुडकी, मगच सोडणं. संपल्यावरही तेवढंच चालवा. थेट गाडीत कोंबू नका. कुत्र्याचं तापमान एरवी ३८ ते ३९.२ अंश असतं. जोराच्या धावेत ते ४१ च्या पुढे जाऊ शकतं. लगेच अंगावर, पोटावर आणि जांघेत साधं पाणी ओता, वारा लागू द्या. प्यायला थोडं थोडं पाणी, दर काही मिनिटांनी.

मग हाताने तपासणी. चारही पंजे, प्रत्येक बोट वाकवून, बेचक्या फाकवून. पुढच्या पायामागची उंचावरची छोटी गादी वळणावर सोलली जाते, ती विसरू नका. मागच्या मांडीची आतली बाजू दाबून पाहा. तिथला स्नायू फाटला तर आधी फुगवटा आणि नंतर निळसर डाग दिसतो, आणि तो मोसम संपला असं समजा. दुसऱ्या दिवशीची लघवी पाहाच. ती कॉफीच्या रंगाची असेल, किंवा पाठीचे स्नायू कडक होऊन कुत्रा कुबड काढून चालत असेल, तर स्नायू आतून तुटताहेत आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. अशा वेळी मालिश करत बसू नका, त्याच तासाला डॉक्टरांकडे न्या.